दुधाच्या टाक्यांत बिअर

सॅक्रामेंटोहून चिकोला जायला दीड-दोन तास लागतात. बहुतेक लोक ९९ नंबरचा रस्ता धरून सरळ उत्तरेला निघतात. मी भाच्याला म्हटलं, थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल, आपण लिंकनवरून वीटलँडमार्गे जाऊ. सप्टेंबर लागला होता, तरी सकाळी नऊलाच गाडीची काच तापली होती. दोन्ही बाजूंना वाळून पिवळं पडलेलं गवत, मधूनच एखादं ओकचं झाड, आणि सपाटी आली की भाताची खाचरं. इकडे पाण्यानं भरलेल्या खाचरांत विमानातून बी टाकतात. आता लोंब्या भरल्या होत्या आणि पाणी काढून टाकायची वेळ जवळ आली होती.

वीटलँडला थांबण्यासारखं फारसं काही नाही, पण मला ती जमीन पाहायची होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या गावाबाहेर हॉप्सचे मोठे मळे होते. हॉप्स म्हणजे तारांवर उंच चढणारा वेल. त्याची हिरवी, हलकी बोंडं बिअरमध्ये घालतात. कडूपणा त्यातून येतो, वास त्यातून येतो, आणि बिअर लवकर नासत नाही तीही त्यामुळेच. १९१३ च्या उन्हाळ्यात इथल्या ड्युर्स्ट यांच्या मळ्यावर तोडणीसाठी सुमारे २,८०० मजूर गोळा झाले. कामाला लागणाऱ्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त माणसं जाहिराती देऊन बोलावलेली होती, म्हणजे मजुरी आपोआप खाली राहते. चाळिशीच्या घरातलं ऊन, रानात प्यायला पाणी नाही, संडास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या मजुरांत युरोपातून, मेक्सिकोतून, जपानमधून आलेली माणसं होती, तशी हिंदुस्थानातून आलेलीही होती. ३ ऑगस्टला मजुरांच्या सभेत पोलीस शिरले, गोळ्या सुटल्या, ४ माणसं गेली. त्यानंतर कॅलिफोर्निया सरकारला मजुरांच्या तळांची तपासणी सुरू करावी लागली. पुढे हॉप्सची लागवड इथून उत्तरेकडे, वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाच्या खोऱ्यात सरकली. बिअरबद्दल बोलताना पेल्याच्या पलीकडचं सहसा कोणी बोलत नाही. म्हणून मला या रस्त्यानं यायचं होतं.

मी पूर्ण नोकरी दूधसंघात केली. कोल्हापूरच्या बाजूची संकलन केंद्रं, बल्क कूलर, चिलिंग सेंटर, मग मुख्य डेअरीतला प्लँट. निवृत्तीनंतर एका मित्रानं केन ग्रॉसमन यांचं ‘बियाँड द पेल’ हे आत्मकथन वाचायला दिलं. चिकोच्या सिएरा नेवाडा ब्रुअरीचे ते संस्थापक. त्यात एक गोष्ट आली आणि मी पुस्तक खाली ठेवूच शकलो नाही: या माणसानं आपली पहिली ब्रुअरी मोडीत निघालेल्या डेअऱ्यांच्या टाक्या विकत घेऊन उभी केली होती. दुधाच्या टाकीला काय काय लागतं ते मला माहीत आहे. आतला पत्रा किती गुळगुळीत हवा, वेल्डिंगच्या सांध्यात केसाएवढी फट राहिली तर तिथं काय साठतं आणि दोन दिवसांत दुधाचं काय होतं, हे निस्तरण्यात माझं आयुष्य गेलं. अशा टाक्यांमधून सुरू झालेला कारखाना आज कुठे पोचलाय, हे डोळ्यांनी पाहायचं होतं.

युबा सिटीला चहासाठी थांबलो. इथे शीख शेतकऱ्यांच्या चार-पाच पिढ्या नांदताहेत. पीच, प्रून, अक्रोड, बदाम यांच्या बागा त्यांच्या. रस्त्याच्या कडेला पंजाबी किराणा दुकानं, ट्रकांवर गुरुमुखी. दर नोव्हेंबरला इथे निघणाऱ्या नगरकीर्तनाला देशभरातून माणसं येतात. दुकानातल्या म्हाताऱ्या सरदारजींना आम्ही चिकोला चाललोय म्हटल्यावर ते म्हणाले, “बदाम झाडायचा मोसम आहे बेटा, गाडीच्या काचा बंद ठेवा.” खरंच पुढे लाइव्ह ओक, ग्रिडली ओलांडल्यावर धुळीचे लोट दिसायला लागले. यंत्राचा हात झाडाच्या बुंध्याला धरतो, काही सेकंद गदागदा हलवतो आणि बदामांचा सडा पडतो. उजवीकडे लांबवर डोंगर सुरू झाले होते. त्याच रांगांचं नाव ब्रुअरीला दिलंय, कारण तिथे ग्रॉसमन तरुणपणी रानोमाळ भटकत असत.

चिको हे लाखभर वस्तीचं विद्यापीठाचं गाव. मोठी सावली देणारी झाडं, सायकली, मधून वाहणारा ओढा. १९७२ मध्ये ग्रॉसमन इथे आले तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे होते. सायकलीच्या दुकानात काम, कॉलेजात रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राचे वर्ग. घरी बिअर करायचा नाद त्यांना दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लहानपणीच लागला होता, शेजारच्या घरात एक गृहस्थ बिअर, वाइन करत ते पाहून. १९७६ मध्ये त्यांनी चिकोत घरगुती बिअरचं सामान विकायचं दुकान काढलं.

त्या काळात अमेरिकेत घरी बिअर करणं कायद्यात बसत नव्हतं. वाइन चालत होती, बिअर नाही. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या वर्षी बंदी उठली. त्याच्या थोडं आधी छोट्या ब्रुअऱ्यांवरचा केंद्रीय कर उतरला होता: वर्षाच्या पहिल्या ६०,००० बॅरलना बॅरलमागे ९ डॉलरऐवजी ७ डॉलर. दोन डॉलरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. दुधाच्या लिटरमागे पंचवीस पैशांवर संघ तरलेले आणि बुडालेले मी पाहिलेत, त्यामुळे मला तो किरकोळ वाटत नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सगळ्या अमेरिकेत शंभराच्या आत ब्रुअऱ्या उरल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक एकाच चवीची, फिकट, थंडगार लागर बिअर काढत होत्या. आज तिथे ९,००० हून अधिक ब्रुअऱ्या आहेत. या दोन आकड्यांमध्ये जे घडलं त्याच्या मुळाशी असे चार-दोन कायदे आहेत आणि मूठभर हट्टी माणसं.

त्या मूठभरांतले पहिले दोघं ग्रॉसमन यांच्याआधीचे. सॅन फ्रान्सिस्कोत फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये बुडायला आलेली अँकर ब्रुअरी घेतली आणि सावरली. सोनोमात जॅक मॅकॉलिफ यांनी १९७६ मध्ये न्यू ॲल्बियन ही अगदी नवी, अगदी लहान ब्रुअरी काढली. ग्रॉसमन यांनी दोन्ही पाहिल्या. न्यू ॲल्बियनची बिअर चांगली होती, कष्टांत कमी नव्हती, पण एका वेळी निघणारा माल इतका थोडा होता की खर्च भरून निघत नव्हता. १९८२ मध्ये ती बंद पडली. लहान असणं ही काही आपोआप चांगली गोष्ट नाही. किती लहान परवडतं, याचा हिशेब सुरुवातीलाच करावा लागतो. ग्रॉसमन आणि त्यांचे भागीदार पॉल कामुसी यांनी तो केला आणि एका वेळी १० बॅरल, म्हणजे साधारण बाराशे लिटर, निघेल असा प्लँट आखला.

पैसे मात्र नव्हते. बँका दारात उभं करत नव्हत्या. घरच्यांकडून, मित्रांकडून, उसनवारीनं मिळून लाखभर डॉलर जमले. गावाबाहेरची एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. नवी यंत्रं घ्यायची तर त्या पैशांत एक टाकीही आली नसती, आणि तेवढ्या लहान मापाची यंत्रं कोणी बनवतही नव्हतं. मग ग्रॉसमन आसपासच्या तालुक्यांत बंद पडलेल्या डेअऱ्या हुडकत फिरले. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह भंगाराच्या भावानं उचलले. बाटल्या भरायचं यंत्र सॉफ्ट ड्रिंकच्या कारखान्यातलं जुनं. हे सगळं जोडायला वेल्डर ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून ते ब्यूट कॉलेजात वेल्डिंग शिकले. रेफ्रिजरेशन, वायरिंग, प्लंबिंग, सगळं असंच हाताखालून घातलं.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण वाचणाऱ्याच्या नजरेतून हे सुटतं. स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग लोखंडासारखं नसतं. आरगॉन वायूच्या आडोशाखाली टिग वेल्डिंग करावं लागतं, आतल्या बाजूनंही हवा लागू द्यायची नाही, नाहीतर सांधा काळा पडतो, खरबरीत होतो. मग तो घासून, पॉलिश करून गुळगुळीत करायचा. दुधात आम्ही याची धास्ती घेतो ती जंतूंमुळे, आणि बिअरमध्येही कारण तेच आहे. गंमत म्हणजे जे लॅक्टिक जिवाणू दह्याला हवे असतात त्यांचेच भाऊबंद बिअरचे वैरी. ते एका सांध्यात लपले की टाकीमागून टाकी आंबट होत जाते. ज्या माणसानं आपल्या टाकीचा प्रत्येक सांधा स्वतः जोडलाय, त्याला बिअर बिघडली की कुठे हात घालायचा ते माहीत असतं. सिएरा नेवाडाच्या वाढीबद्दल बोलताना लोक हॉप्सचं बोलतात, चवीचं बोलतात, विक्रीचं बोलतात. मला वाटतं, ती वाढ या सांध्यांतून सुरू झाली. मालकाचं यंत्र त्याच्या हाताला ओळखीचं होतं, आणि कारखाना कितीही पसरला तरी ती ओळख त्यानं तुटू दिली नाही.

पहिली बिअर १५ नोव्हेंबर १९८० ला उकळली, ती स्टाउट, काळी. मग पेल एल करायला घेतली, जिच्यावर आज ही कंपनी उभी आहे. पहिल्या सुमारे १० खेपा त्यांनी गटारात ओतल्या. पिण्यालायक नव्हत्या असं नाही. एक खेप दुसरीसारखी येत नव्हती. खिशात पैसे नाहीत, कर्ज अंगावर, आणि विकता येण्याजोगा माल ओतून द्यायचा! एखादी उत्तम बिअर एकदा निघणं फार अवघड नाही, घरोघरचे हौशी लोक ती काढतात. तीच बिअर पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात, वेगळ्या पिकाचं माल्ट आणि वेगळ्या वर्षाचे हॉप्स वापरून पुन्हा काढणं, हा खरा धंदा. १९८१ च्या वसंतात पेल एल बाजारात आली तेव्हा तिला हिरव्या लेबलाबरोबर ही सवयही लागलेली होती.

आता मी जिथे उभा होतो ती ब्रुअरीची जागा चिकोतल्या विसाव्या रस्त्यावरची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कारखाना शेडमधून इथे आला. आत शिरताच मोठ्या काचेमागे तांब्याचे हंडे दिसतात, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे, वर निमुळती मान. जर्मनीतली एक ब्रुअरी बंद पडली तेव्हा तिचे १०० बॅरलचे तांब्याचे हंडे ग्रॉसमन यांनी स्वस्तात घेतले, सुटे करून बोटीतून आणले. बसवायला पैसे नव्हते, म्हणून ते काही वर्षं तसेच ठेवून दिले. जिथे अजून पाच-दहा बॅरलची कामं चालली होती, तिथे शंभर बॅरलचं भांडं घेऊन ठेवायचं! याला लोक धाडस म्हणतील. मला त्यात जुना माल ओळखणाऱ्या माणसाची नजर दिसते. तसं तांबं, तसे घडवणारे कारागीर पुन्हा सहज मिळणार नाहीत, हे त्यांना कळलं होतं. १९९७ मध्ये कारखाना आणखी वाढवला तेव्हा या जुन्यांशी जुळणारे नवे तांब्याचे हंडे जर्मन कंपनीकडूनच घडवून घेतले.

आम्हाला फिरवणारी मुलगी विशीतली होती, चिको विद्यापीठात शिकणारी. तिनं आधी माल्टची चव दिली: भिजवून, मोड आणून, भाजलेले सातूचे दाणे. मग हॉप्सच्या थंड कोठीत नेलं. दार उघडलं आणि भाचा एकदम थबकला. संत्र्याची साल, चीड, कापलेलं गवत, किंचित लसणासारखा उग्रपणा, असा तो वास घशापर्यंत जातो. छतापर्यंत हॉप्सच्या गासड्या रचलेल्या. इथे अजूनही सबंध बोंडं वापरतात. बाकीचा बहुतेक धंदा दाबून केलेल्या गोळ्यांवर गेला, कारण गोळ्यांना जागा कमी लागते आणि यंत्रांत अडकत नाहीत. तिनं एक बोंड माझ्या तळहातावर ठेवलं, म्हणाली, चोळा. मधल्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड होती. तिलाच ल्युप्युलिन म्हणतात. उकळताना तिच्यातून कडूपणा सुटतो, शेवटी घातली तर वास उरतो. हे बोंड कॅस्केड जातीचं होतं. ऑरेगनमध्ये सरकारी संशोधनातून तयार झालेली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांना दिलेली ही जात. मोठ्या कंपन्यांना तिचा वास फार तीव्र वाटला. ग्रॉसमन स्वतः याकिमाला जाऊन हॉप्सचे नमुने आणत. तोच तीव्र वास पेल एलची ओळख ठरला, आणि पुढे सगळ्या अमेरिकन छोट्या ब्रुअऱ्यांची.

तिथून आम्ही आंबवण्याच्या टाक्यांकडे गेलो. तिथल्या प्रयोगशाळेच्या काचेतून यीस्ट मोजणारी माणसं दिसत होती. मी त्या मुलीला विचारलं की यीस्ट किती पिढ्या वापरता, टाकीतून काढल्यावर किती अंशांवर ठेवता, जिवंत पेशी किती टक्के हव्यात. तिनं दोन उत्तरं दिली आणि तिसऱ्याला प्रयोगशाळेतल्या एका बाईंना हाक मारली. आमच्या घरी विरजणाची वाटी कधी रिकामी होऊ दिली नाही, आजचं दही उद्याच्या दुधाला. इथे तेच चाललंय, फक्त मायक्रोस्कोपखाली. यीस्ट एका खेपेतून काढायचं, तपासायचं, पुढच्या खेपेला घालायचं, आणि काही खेपांनंतर पुन्हा शुद्ध साठ्यातून नवं वाढवायचं. यांच्या यीस्टला जगभरातले बिअरवाले ‘चिको’ असंच म्हणतात. विकत मिळणाऱ्या यीस्टमध्ये तो प्रकार सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्यांपैकी आहे. म्हणजे या गावाचं विरजण आज शेकडो गावांतल्या टाक्यांत आहे, आणि त्यातले कितीतरी यांचे स्पर्धक आहेत.

वेल्डिंग शिकलेल्या त्या हातानं आणखी एक यंत्र घडवलं, ते मला फार आवडलं. उकळून झाल्यावर, थंड झालेल्या बिअरमध्ये हॉप्स भिजवले की कडूपणा न वाढता वास येतो. पूर्वी हॉप्सच्या पिशव्या टाकीत टांगत, मग त्या जड ओल्या पिशव्या बाहेर ओढताना माणसं दमत, आणि पिशवीच्या मधल्या हॉप्सचा वास आतच राही. यांनी स्टीलचं एक उभं नळकांडं बनवलं, त्यात सबंध बोंडं भरली आणि बिअर त्यातून फिरवत ठेवली. आकारामुळे त्याला ‘टॉर्पेडो’ म्हणतात. २००९ मध्ये त्याच नावाची आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, बाजारात आली. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या हॉजसनची पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कलकत्ता, मद्रास, मुंबईला येत असे, त्या बिअरच्या वंशातली ही आयपीए. हॉप्स भरपूर घातलेली बिअर लांबचा प्रवास सोसते, हे तेव्हा अनुभवानं कळलं होतं. भाच्याला मी सांगितलं की यातलं ‘इंडिया’ म्हणजे आपली गोदीसुद्धा. त्याला ते नवीन होतं.

वाढीचे आकडे ती मुलगी सांगत गेली. पहिल्या वर्षी काही शे बॅरल. आज वर्षाला १० लाख बॅरलच्या आसपास, म्हणजे साडेअकरा-बारा कोटी लिटर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कामुसी बाहेर पडले आणि ग्रॉसमन यांनी त्यांचा हिस्सा विकत घेतला. कंपनी अजून कुटुंबाचीच आहे. २०१४ मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनातल्या मिल्स रिव्हरला दुसरा कारखाना उभा राहिला, कारण चार हजार किलोमीटर ट्रकनं बिअर नेताना ती शिळी होत होती आणि डिझेल जळत होतं. तिथला कारभार मुलगा ब्रायन यानं हाती घेतला. इकडे चिकोच्या छपरांवर आणि गाड्या लावायच्या जागेवर १०,००० हून अधिक सौर पट्ट्या आहेत. आंबताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड पकडून पुन्हा वापरतात, सांडपाण्यातून निघणारा वायू जाळून ऊर्जा काढतात. कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर आहे, दवाखाना आहे. वीटलँडच्या रानातून तासाभराच्या अंतरावर आल्यावर हे पाळणाघर पाहून मला जे वाटलं ते बिअरच्या चवीबद्दलच्या कौतुकापेक्षा मोठं होतं.

सगळं सुरळीत चाललंय असंही नाही. अमेरिकेत गेली काही वर्षं छोट्या ब्रुअऱ्यांची विक्री थांबली किंवा घसरली आहे. मेटॅग यांनी सावरलेली अँकर पुढे मोठ्या कंपनीकडे गेली आणि २०२३ मध्ये तिनं काम थांबवलं. सिएरा नेवाडालाही पेल एलच्या जोडीला लोकांना हवं ते द्यावं लागलं. २०१८ मध्ये आलेली गढूळ, फळांच्या वासाची ‘हेझी लिटिल थिंग’ आज तिच्या विक्रीचा मोठा भाग आहे. मला तिथे ती दिली. चांगली होती, पण मी पुन्हा पेल एलचा पेला मागितला. आधी कडू, मग माल्टचा गोडवा, शेवटी ते संत्र्याच्या सालीचं टोक. बाटलीत ती भरताना थोडं यीस्ट आणि साखर घालतात आणि बुडबुडे बाटलीतच तयार होतात. बाहेरून वायू भरायच्या मानानं हे कटकटीचं काम आहे, पण त्यानं बिअर जास्त दिवस ताजी राहते.

जेवताना खिडकीतून पूर्वेचे डोंगर दिसत होते. त्या चढावर पॅराडाइज नावाचं गाव आहे. ८ नोव्हेंबर २०१८ ला पहाटे वणवा लागला आणि दुपारपर्यंत गाव गेलं. ८५ माणसं मेली, १८,००० हून जास्त इमारती जळाल्या. ब्रुअरीतल्या अनेक कामगारांचीही घरं त्यात होती. काही दिवसांत ग्रॉसमन यांनी देशभरातल्या ब्रुअऱ्यांना पत्र पाठवलं: ही एका आयपीएची कृती, हीच बिअर तुम्हीही काढा, ‘रेझिलियन्स’ या नावानं, आणि विक्रीचे सगळे पैसे वणव्यात होरपळलेल्यांना द्या. माल्टवाल्यांनी माल्ट फुकट दिलं, हॉप्सवाल्यांनी हॉप्स. १,४०० हून अधिक ब्रुअऱ्यांनी ती बिअर काढली. स्पर्धकांना आपली कृती हातात द्यायची हिंमत याच धंद्यात मी इतकी मोठी पाहिली. ती एका दिवसात आली नसणार. दुकानात घरगुती बिअरवाल्यांना शिकवणारा, याकिमात शेतकऱ्यांकडे जाऊन बसणारा, आपलं यीस्ट जगभर पसरलं तरी कपाळाला आठी न घालणारा माणूस त्या पत्रामागे होता. आम्ही नंतर पॅराडाइजपर्यंत गाडी नेली. रस्त्याकडेला नव्या लाकडी घरांचे सांगाडे उभे होते, आणि त्यांच्या मागे काळ्या पडलेल्या झाडांचे बुंधे अजून होते.

परतताना विद्यापीठाच्या शेतावर थांबायचं मी आधीच ठरवलं होतं. ब्रुअरीतला सातूचा चोथा इथल्या गुरांना जातो. गोठ्यावरच्या माणसाला मी दूधवाला असल्याचं सांगितलं आणि मग आमच्यात भाषेची अडचण फारशी उरली नाही. ओल्या चोथ्यात पंचाहत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणून तो लांब नेणं परवडत नाही. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबतो, बुरशी धरतो. प्रथिनं चांगली, चवीनं खातात, पण एकट्या चोथ्यावर गुरं ठेवायची नाहीत, कॅल्शियम आणि सुका चारा जोडीला लागतोच. छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला बिअरच्या मोठ्या कारखान्यांतून ओला चोथा घेऊन जाणारे दूध उत्पादक मी पाहिलेत, तिथलीही गणितं हीच.

गाडीत बसल्यावर भाचा म्हणाला, “मामा, पुण्यातल्या ब्रुअऱ्यांच्या चोथ्याचं काय होत असेल?” पुण्यात २००९ मध्ये डूलालीनं महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू केली आणि त्यानंतर शहरात अशा बऱ्याच निघाल्या. मी त्याला हिशेब करायला लावला. हजार लिटर बिअरमागे साधारण दोनशे किलो ओला चोथा. आठवड्याला तीन खेपा म्हटल्या तरी सहाशे किलो. गायीला दिवसाला आठ-दहा किलो द्यायचा, म्हणजे एका लहान ब्रुअरीवर आठ-दहा गायींचा एक गोठा सहज अवलंबून राहू शकतो. मुळशीत, मावळात तसे गोठे आहेत, आणि चोथा त्याच दिवशी पोचेल इतकं अंतर आहे. पुण्याला पोचलो की त्यांतल्या दोन-तीन गोठेवाल्यांशी बोलायचंय.